सात वॅटची गादी

निगडीतल्या वैद्यकीय सामानाच्या दुकानात हवेची गादी घेतली, तेव्हा दुकानदार ती कशी अंथरायची ते दाखवत होता आणि मी पंप उलटा करून त्याच्या पाठीवरचं स्टिकर वाचत होतो. सात वॅट. मी बायकोला म्हणालो, "अगं, देव्हाऱ्यातल्या झिरोच्या बल्बाच्या निम्मीच वीज लागते याला." तिने ते ऐकलं आणि दुकानदाराला विचारलं, "आणि पंक्चर झाली तर?" आमच्या घरात असंच चालतं. मी आकडा वाचतो आणि ती त्याच्या पुढचं विचारते.

गादी अण्णांसाठी होती. अण्णा म्हणजे माझे वडील. बीड जिल्ह्यातून तरुणपणी पिंपरीत आले, एका मोठ्या कंपनीच्या पेंट शॉपमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. चिखलीत अर्धा गुंठा घेऊन त्यावर दोन खोल्या त्यांनी बांधल्या, वरचा मजला मी चढवला. उन्हाळा सुरू होता होता त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ जड झाली, पण थांबली नाही. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी दोघांनी उचलून कॉटवर ठेवलं, तर म्हणाले, "हळू ठेवा. जुना माल हाय, गॅरंटी संपलीय."

डॉक्टरांनी घरी येऊन आम्हाला एकच गोष्ट बजावली होती. अण्णांना साखर आहे, आणि आता ते एकाच जागी पडून राहणार. पाठीखालची, माकडहाडाजवळची कातडी दबून लाल होईल. लाल झाली तर काळजी घ्या, उघडी पडली तर मला लगेच बोलवा, कारण साखरेच्या माणसाची जखम आत हाडापर्यंत जाऊ शकते आणि मग माणूस त्या जखमेनेच जातो. त्यांनी हे अण्णांच्या समोर नाही, जिन्यात सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात अण्णांची तब्येत म्हणजे त्यांच्या माकडहाडावरची तळहाताएवढी जागा, एवढंच समीकरण झालं.

हवेची गादी त्यासाठीच. तिला आडव्या नळ्या असतात. पंप त्या आळीपाळीने भरतो आणि रिकाम्या करतो. म्हणजे आत्ता या नळ्यांवर भार, थोड्या वेळाने शेजारच्या नळ्यांवर. माणूस हलत नाही, म्हणून गादी हलते. पंप कॉटच्या पायथ्याला टांगलेला, त्यावर एक हिरवा दिवा. आवाज म्हणाल तर कान दिला तरच ऐकू येईल अशी घरघर.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

मी घरगुती इन्व्हर्टरचं डिझाइन करतो. लाइट गेली की बॅटरीतली वीज घरातल्या पंख्याला, दिव्याला चालेल अशी करून देणारी ती पेटी. या कामात माझ्यापुढे कायम दोन प्रश्न असतात. बॅटरीतून शंभर घेतले तर त्यातले घरापर्यंत किती पोचले, हा पहिला. आणि लागेल त्या वेळी पेटी चालेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मीटरवर येतं. दुसऱ्याचं उत्तर कुठल्याच मीटरवर येत नाही. ते चार-पाच वर्षांनी गिऱ्हाइकाच्या तोंडून येतं.

बहुतेक इन्व्हर्टर काही न चालवतासुद्धा वीज खातात. पंखा बंद, दिवा बंद, तरी आतला ट्रान्सफॉर्मर गुणगुणत बसलेला असतो. आमचं जुनं मॉडेल असं रिकामं बसून चौदा वॅट खायचं. दिवसभर लाइट गेली तर नुसत्या त्या बसण्यात एका पंख्याची दीड तासाची वीज जायची. मला ते डाचायचं. म्हणून नव्या मॉडेलमध्ये मी एक सोय केली. घरात वीस वॅटपेक्षा कमी काही चालू असेल, तर इन्व्हर्टर झोपतो. झोपेतसुद्धा दर दोन सेकंदांनी तो विजेची एक बारीकशी टिचकी सोडून बघतो, कुणी काही लावलंय का. लावलं असेल तर लगेच जागा होतो. झोपेतला खर्च दोन वॅटच्या आत. चौदाचे दोन झाले, तेव्हा मी आमच्या मालकांना त्यांच्या केबिनमधून ओढत टेबलाशी आणून मीटर दाखवला होता. ते म्हणाले, "राव, हे ब्रोशरच्या पहिल्या पानावर टाकू."

वीस वॅट हा आकडा मी विचार करून ठरवला होता. मोबाइलचे चार्जर, टीव्हीचा लाल ठिपका, राउटर, असलं काहीबाही प्रत्येक घरात लागून असतं. त्यासाठी जागं राहण्यात अर्थ नाही, असं माझं गणित होतं. त्या नव्या मॉडेलचे पहिले काही नग तयार झाले, त्यातला एक मालकांना विचारून मी घरी आणला. अण्णांच्या गादीसाठी बाजारातलं काहीतरी लावण्यापेक्षा आपलं लावावं.

अण्णांना त्या पेटीचा फार अभिमान. त्यांना बघायला कुणीही आलं, की डाव्या हाताने कोपऱ्याकडे बोट करायचे. "ते बगा. पोरानं बनवलंय. लाइट गेली तरी मला कळत न्हाई." एकदा त्यांच्या पेंट शॉपमधले जुने मित्र आले होते. ते म्हणाले, "मंग तुला कुठं कळतंय काय!" अण्णा म्हणाले, "तुझ्या पोरानं काय बनवलं?" मित्राने चहाचा कप ओठाला लावला.

आमच्याकडे लाइट जाण्याचा ठरलेला वार म्हणजे गुरुवार. दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतात, आणि भोसरीच्या कारखान्यांना सुट्टीही गुरुवारीच असते. आमचा कारखाना तेव्हा भोसरीतच होता. त्यामुळे लाइट जायची तेव्हा मी बरोबर घरी. अण्णांच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचो. उन्हाळ्यात पंखा फिरत असायचा, पावसाळ्यात खोली अंधारी म्हणून ट्यूब लावलेली. पंप घरघरत राहायचा. मी मनात टिपून ठेवायचो, की पेटीला आज इतका वेळ झाला, बॅटरी इतकी उतरली, सगळं ठीक. डिझाइन करणाऱ्याला आपली वस्तू घरात चाललेली बघायला मिळणं हे मोठं सुख असतं. मी ते भरपूर उपभोगलं.

दिवाळीनंतर आमचा कारखाना चाकणला गेला. जागा मोठी मिळाली आणि सुट्टी रविवारची झाली. आता गुरुवारी मी सकाळीच तळवड्याच्या चौकातल्या गर्दीत उभा. बायको महापालिकेच्या शाळेत शिकवते, तिची शाळा दुपारची. ती जेवून निघाली की संध्याकाळपर्यंत घरात अण्णा आणि मावशी दोघंच.

मावशी म्हणजे अण्णांचं सगळं करायला येणाऱ्या बाई. इथल्याच जुन्या गावातल्या. त्यांची शेतं कधीच प्लॉट होऊन विकली गेली होती, पण बोलणं तसंच राहिलं होतं. अंगापिंडाने मजबूत, अण्णांना एकट्या कुशीवर वळवायच्या. अण्णा आणि त्या दिवसभर भांडायचे. अण्णा बाजरीच्या भाकरीला नाव ठेवायचे, मावशी म्हणायच्या, "व्हय, तुमच्या बीडला सोन्याची भाकर असंल. इथं हीच हाय. खावा."

थंडी पडली, आणि एका गुरुवारी रात्रीच्या जेवणाआधी अण्णांना पुसताना बायकोने मला हाक मारली. माकडहाडावर लाल चट्टा होता. आम्ही बोटाने दाबून बघितलं. डॉक्टरांनी शिकवलं होतं, दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर रक्त फिरतंय. तो पांढरा झाला, पण फार सावकाश.

मी गादी तपासली. तळहात गादीच्या खाली सरकवून अण्णांच्या कमरेखाली नेला. गादी चांगली फुगलेली होती, हाताला वरून अण्णांचं हाड लागत नव्हतं. पंप चालू, हिरवा दिवा लागलेला. पुढचे दोन-तीन दिवस चट्टा फिका होत गेला आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा लाल झाला.

"गादी ठीक आहे, पंप ठीक आहे," मी म्हणालो.

"मग उरलं कोण?" बायको म्हणाली. आम्ही दोघंही स्वयंपाकघरात होतो, आणि दोघांच्याही मनात एकच उत्तर होतं. ते आम्हाला आवडलं नव्हतं.

सकाळी मी मावशींना शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मावशी, दुपारची कूस वेळेवर बदलता ना?"

त्यांनी हातातला टॉवेल झटकला. "दादा, माज्या बापाचं मी चार वर्सं केलंय. त्याच्या अंगावर एक डाग पडू दिला न्हाई. तुमी इचारलं, बरं केलं. मनात ठिवलं न्हाई."

त्या दिवशी त्या अण्णांशी भांडल्या नाहीत. अण्णांनीच दोनदा छेडलं, तरी गप्प. संध्याकाळी अण्णा मला म्हणाले, "तिला काय बोललास?"

"काही नाही."

"तिची काई चूक न्हाई. तिला बोलू नकोस." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

पुढच्या गुरुवारी मी रजा टाकली. अण्णांच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो, ट्यूब लावली, लॅपटॉप चार्जरला लावला आणि कारखान्याचं काम करत राहिलो. लाइट गेली. पंप घरघरत राहिला. मावशींनी ठरल्या वेळी अण्णांना या कुशीवरून पाठीवर, मग त्या कुशीवर केलं. मी गादीखाली तळहात घालून घालून बघत होतो. शेवटी मावशी म्हणाल्या, "गादीत अंडी घालताय का काय, दादा?" अण्णा हसले. संध्याकाळी चट्टा नव्हता.

याचा सरळ अर्थ एकच निघत होता. मी घरी असलो की मावशी नीट करतात. बायको म्हणाली, "असं म्हणू नका. मला खरं वाटत नाही." मलाही वाटत नव्हतं. पण मला आकड्यांची सवय. मी आहे तेव्हा चट्टा नाही, मी नाही तेव्हा आहे. यात दुसरं काय वाचायचं?

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी कामावर गेलो, आणि त्या संध्याकाळी कातडी उघडी पडली. नखाएवढीच, पण ओली. डॉक्टर आले, त्यांनी साफ करून पट्टी केली. या वेळी त्यांनी जिन्यातसुद्धा काही सांगितलं नाही, फक्त म्हणाले, "आता ही वाढली नाही पाहिजे." बायको पट्टीचं सामान आवरत होती. मला आठवतं, मी त्या वेळी मनात अण्णांचं वजन भागिले माकडहाडाचं क्षेत्रफळ असला हिशेब करत होतो, कारण दुसरं काही करायला सुचत नव्हतं.

मधले दिवस आम्ही त्यांना पाठीवर टेकूच दिलं नाही. या कुशीवर, मग त्या कुशीवर. अण्णा कंटाळले. "मला काय भाकर समजलाव का, उलटीपालटी करायला," म्हणायचे. जखम वाढली नाही, पण बुजलीही नाही. आणि गुरुवार आला.

मी सकाळी चाकणला गेलो, हजेरी लावली, टेबलाशी बसलो. समोर चाचणीला लावलेला नवा इन्व्हर्टर होता. दुपारी मी मालकांना सांगून निघालो. घरी फोन केला नाही. खरं सांगायचं तर मला मावशींना न कळवता पोचायचं होतं.

दार मावशींनी उघडलं. घरात लाइट नव्हती. खोलीचे पडदे लावलेले, ट्यूब बंद, थंडीमुळे पंखा बंदच. अण्णा डाव्या कुशीवर, पाठीला उशी, अगदी नीट, पुस्तकात दाखवतात तसे. मी दारातच थांबलो, कारण मला एक आवाज आला.

ट्र. मग शांतता. ट्र. मग शांतता.

दर दोन सेकंदांनी. हा आवाज मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? कारखान्यात माझ्या टेबलावर तो दिवसभर होत असतो. झोपलेला इन्व्हर्टर टिचकी सोडून बघतो, कुणी आहे का. इथे प्रत्येक टिचकीला गादीचा पंप क्षणभर थरथरायचा आणि थांबायचा. त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा. सात वॅट. माझ्या गणितात वीसच्या खाली म्हणजे घरात कुणी नाही.

मी गादीखाली हात घातला. माझ्या बोटांची हाडं एका बाजूने फळीला आणि दुसऱ्या बाजूने अण्णांच्या खुब्याच्या हाडाला लागली. मध्ये नुसतं रबर होतं.

मी उठून ट्यूबचं बटण दाबलं. इन्व्हर्टर जागा झाला, पंप घरघरू लागला, दिवा स्थिर झाला. मी परत खाली बसलो आणि हात गादीखालीच ठेवला. हळूहळू एक नळी भरली, मग तिच्या पलीकडची. अण्णांचं वजन माझ्या हातावरून उचललं गेलं. मला हात काढता येईना, म्हणजे काढावासा वाटेना.

"मावशी," मी विचारलं, "ट्यूब कुणी बंद केली?"

"मीच. लाइट गेली की करते." त्या गोंधळल्या. "तुमीच म्हनला हुता की, इन्व्हर्टरवर लई काय लावू नका. बाबांच्या गादीला पुरली पायजे बॅटरी. म्हनून मी समदं बंद करते. टीव्ही बी लावत न्हाई. मोबाइल बी चार्जिंगला लावत न्हाई. नुसती गादी चालू ठिवते."

मी तसं म्हणालो होतो. आपल्याकडे प्रत्येक घरात म्हणतात. लाइट गेली की घरातलं कुणीतरी ओरडतंच, "इन्व्हर्टरवर आहे, पंखा एकच लावा, फ्रिज उघडू नका." मावशी अंधारात बसून अण्णांसाठी बॅटरी वाचवत होत्या, आणि ती वाचवायचीच म्हणून मी आधी पेटीला झोपायला शिकवून ठेवलं होतं. दोघांनी मिळून इतकी वीज वाचवली, की अण्णांपर्यंत काहीच पोचेना. मी घरी असलो की ट्यूब लावायचो, म्हणून मी असताना सगळं व्यवस्थित.

"पण मावशी, गादी बसलेली कळली नाही?"

त्यांनी अण्णांकडे बघितलं.

"मीच सांगितलं तिला गप बस म्हनून," अण्णा म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला कळत होतं?"

"माझ्याच बुडाखाली फळी लागायली, मला न्हाई कळणार? त्या पंपाला उचकी लागायची. लाइट आली की बंद."

"मग सांगितलं का नाही, अण्णा?"

त्यांनी डाव्या हाताने चादर ओढून सरळ केली. ती सरळच होती. "तुझं मशीन हाय ते. समद्यांना सांगितलंय मी. आता बंद पडतंय म्हनून सांगत फिरू का?" जीभ अडखळली, त्यांनी थोडा दम घेतला. "तू कामावरून थकून येतूस. वाटलं, होईल नीट. अन् जास्त दुखत बी न्हाई."

"दुखत न्हाई म्हनं," मावशी म्हणाल्या. "दात खाऊन पडायचे. मी म्हनलं दादाला सांगते, तर मला आन घातली. आन मोडता येत न्हाई, दादा, न्हाईतर मी गप बसनारी बाई हाय का?"

मी मावशींची माफी मागितली. मागे त्या सकाळी तो प्रश्न विचारल्याबद्दल, आणि त्यानंतर मनात जे धरून ठेवलं होतं त्याबद्दल. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. चहा ठिवू का? आता लाइट लावलीच हाय तर दुधाचं पातेलं तरी दिसंल." अण्णा म्हणाले, "साखर दोन चमचे टाक." "एक बी न्हाई," मावशी म्हणाल्या, आणि त्या दोघांचं भांडण परत सुरू झालं.

त्या दिवशी मी पेटी उघडून आतली एक तार तोडली आणि तिचं झोपणं बंद करून टाकलं. लाइट गेली तर ती जागीच राहील, रिकामी असली तरी, चौदा वॅट खात. बायको शाळेतून आली, तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, अण्णांच्या उशाशी गेली आणि म्हणाली, "अण्णा, तुम्ही मला तरी सांगायचं."

"तू त्याला सांगितलं असतं," अण्णा म्हणाले.

"सांगितलंच असतं."

"म्हनून."

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "राव, सात वॅटसाठी माझ्या ब्रोशरचं पहिलं पान फाडणार तुम्ही?"

"हो."

"एवढी कमी वीज घेणारं आणखी काय असतं लोकांच्या घरी?"

मी बोटांवर मोजायला लागलो. हवेच्या गादीचा पंप. लहान मुलाच्या खोलीतला एलईडीचा बारीक दिवा. माशांच्या टाकीतला हवेचा पंप. दाराचा कॅमेरा. श्वासाचं काही छोटं यंत्र. तिसऱ्या-चौथ्या बोटाशी त्यांनी हात वर केला. "कळलं. वडील कसे आहेत?"

"जखम आहे. वाढली नाही."

"दिलेले नग किती ठिकाणी आहेत? आजच फोन करा सगळ्यांना," ते म्हणाले. आम्ही दोघांनी वाटून घेऊन फोन केले.

पुढे काही महिने मी त्याच पेटीवर काम केलं. झोपेची सोय काढली नाही, पण तिला एक बटण दिलं. घर बंद करून गावाला जाणाऱ्याने ते स्वतः दाबायचं. कमी वीज लागते म्हणून घरात कुणीच नाही, असं पेटीने आपण होऊन समजायचं नाही. आणि ते चौदा वॅट कमी करायचे तर खऱ्या मार्गाने करायचे, म्हणून ट्रान्सफॉर्मरचा गाभा बदलला, चांगल्या पत्र्याचा घेतला, तारेची वेटोळी परत मोजून गुंडाळली. हे काम किचकट असतं. अर्धा वॅट मिळवायला आठवडा जातो, आणि पुढच्या आठवड्यात तो दुसरीकडून गळतो. शेवटी नऊवर येऊन थांबलो. नऊच्या खाली मला जाता आलं नाही. ब्रोशरवर नऊ छापलं, पहिल्या पानावर नाही, आत.

जखमेला त्याहून जास्त वेळ लागला. रोज पट्टी, रोज साखर तपासणं. बायको पट्टी करायची, मी टॉर्च धरायचो. मधे एकदा ती थोडी मोठी झाली, तेव्हा आम्ही दोघं दोन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही. मग कडेने गुलाबी कातडी येऊ लागली. बायको रोज म्हणायची, "आज कालच्यापेक्षा बरी." मला ते डोळ्यांनी कळायचं नाही. एकदा मी मोजपट्टी घेऊन आलो, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

होळीच्या सुमाराला डॉक्टरांनी पट्टी काढली ती परत बांधली नाही. म्हणाले, रोज थोडा वेळ खुर्चीत बसवायला हरकत नाही, खाली मऊ उशी घ्या. मी ती उशी शोधायला निगडीपासून पुनावळ्यापर्यंत चार दुकानं फिरलो. एक जेलची मिळाली. दुकानदाराकडून तिच्यावर किती दाब येतो वगैरे सगळं विचारून घेतलं, आणि स्वतः तिच्यावर बसून बघितलं. दुकानातल्या मुली हसत होत्या.

मावशींनी आणि मी अण्णांना उचललं आणि गॅलरीत, उन्हात, खुर्चीवर ठेवलं. बायकोने पायावर शाल टाकली. कितीतरी महिन्यांनी त्यांनी रस्ता बघितला. समोरच्या शेडमध्ये कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं, त्याच्या ठिणग्या ते बघत राहिले. मी शेजारी उभा होतो. त्यांनी एकदा डावीकडे भार दिला, मग जरा पुढे झाले, मग परत मागे.

"काय झालं, अण्णा?"

मला वाटलं, आता म्हणणार, काही नाही, ठीक आहे. मी वाट बघितली. मावशी दारातून त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होत्या.

"ही उशी," अण्णा म्हणाले.

"काय उशीला?"

"लई बेकार आणलीस, लेका. टोचायली. काढ ती, अन् आपली कापसाची दे."

"टोचतेय? कुठे? डावीकडे का उजवीकडे?"

"कुठं काय कुठं! समदीकडं. आधी काढ, मंग मोज."

मी वाकून त्यांना कवेत घेतलं, थोडं वर उचललं, आणि बायकोने खालून उशी ओढून काढली.